निरोप समारंभात झाडाचा दाखला द्यायचाय : यातलं खरं किती, ऐकीव किती?

शाळेची_घंटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ आहे. मुलांशी पंचवीस मिनिटं बोलायचंय. विषय ठरलाय : झाड कसं तयार होतं, त्यावरून आपण तयारी कशी करायची. निम्म्याहून जास्त मुलं जूनमध्ये बेळगावला पीयूसीला (अकरावी-बारावीला) जातील. दहा वर्षं मराठीतून शिकलेली ही मुलं सायन्स किंवा कॉमर्स घेतली की एकदम इंग्रजीतून ऐकायला लागणार. त्यांना धीर मिळावा आणि हाताशी काहीतरी ठोसही लागावं, एवढीच इच्छा.

चार मुद्दे काढलेत :
१. झाड जमिनीवर जेवढं उंच, तेवढंच खाली खोल असतं.
२. बांबू लावला की पाच वर्षं काहीच दिसत नाही, मग सहा आठवड्यांत एकदम आभाळाला भिडतो.
३. वारा खाऊन झाड मजबूत होतं.
४. छाटलं की झाड जोमानं फुटतं.

शेवटी प्रत्येकाच्या हातात एकेक रोप द्यायचा विचार आहे, साधारण पन्नास रोपं. मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत, झाडाबद्दल चुकीचं बोललेलं त्यांना लगेच कळेल. म्हणून जाणकारांनी आधीच तपासून द्यावं ही विनंती. आणि रोपं कोणती घ्यावीत, तेही सांगा.


रोपवाटिका_जांबोटी

ताई, विषय चांगला निवडलाय. पण पहिले दोन मुद्दे आहेत तसे बोलू नका.

मुळांचं आधी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि हवा असते वरच्या मातीत. त्यामुळं अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. मोठं झाड खोलीपेक्षा आडवं जास्त पसरतं, फांद्यांच्या घेराच्याही बरंच बाहेर जातं. आमच्या भरपूर पावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडं तर तांबड्या मातीचा थर संपला की खाली जांभाच लागतो. तिथं पन्नास फुटी झाडाला पन्नास फूट खाली जायला वाट कुठली? रस्त्यासाठी दरड कापलेली असते तिथं मुळं कशी आडवी धावतात हे मुलांनी जाता-येता बघितलेलं आहे.

खोलीऐवजी क्रम सांगा, तो शंभर टक्के खरा आहे. आंब्याची कोय असो की फणसाची आठळी, आधी मूळ बाहेर पडतं आणि मातीवर कोंब दिसतो तेव्हा खाली मूळ बोटभर तरी गेलेलं असतं. त्या काळात वरून बघणाऱ्याला वाटतं बी कुजलं. काहीजण उकरून बघतात आणि तिथंच ते कोवळं मूळ मोडतं. निकालाआधी दर आठवड्याला मुलाला 'किती मार्क पडतील?' विचारणाऱ्या पालकांनाही हे लागू पडतं, समारंभाला पालक असतील तर जरूर सांगा.

रोप निवडतानाही हेच बघायचं असतं. नर्सरीत गिऱ्हाईक उंच रोपाकडं हात करतं. सावलीत दाटीनं वाढलेलं रोप उंच होतंच, कारण ते उजेडासाठी मान ताणत असतं. बुंधा मात्र काडीसारखा आणि पिशवीत मूळ थोडंसं. असं रोप रानात नेलं की शेंड्याला लागेल तेवढं पाणी मूळ पुरवू शकत नाही, पानं करपतात. दीड-दोन फूट उंच, मातीलगत बुंधा पेन्सिलीएवढा किंवा जास्त जाड, पानं गर्द, असं ठेंगणं रोप घ्यावं.

आता बांबू. ती पाच वर्षांची गोष्ट भाषणांत फार फिरते, पण आपल्याकडं बांबू परसात असतो, त्यामुळं मुलंच तुम्हाला सांगतील की असं नसतं. बियापासून मेस किंवा कळक (या बांबूच्याच जाती) लावला तर पहिल्याच वर्षी वर गवतासारखे बारीक धुमारे येतात. खाली कंद वाढतो. दुसऱ्या पावसाळ्यात आलेले कोंब थोडे जाड, तिसऱ्यात आणखी जाड. बेट पूर्ण ताकदीला यायला सहा-आठ वर्षं जातात, पण रिकामं असं एकही वर्ष जात नाही. दरवर्षी काही ना काही वर येतंच.

आणि खरी गंमत पुढं आहे. बांबूचा कोंब जमिनीतून निघतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, नंतर तो जाड होत नाही. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो. हे त्याला जमतं कारण त्याच्या शेजारच्या जुन्या काठ्यांनी आधीच्या वर्षी पानांत तयार केलेलं अन्न कंदात साठवलेलं असतं. म्हणजे यंदाच्या कोंबाची जाडी गेल्या वर्षी ठरली. म्हणून जाणता माणूस तीन वर्षांखालची काठी तोडत नाही. कोवळ्या काठ्या विकून टाकल्या की पुढच्या वर्षीचे कोंब बारीक येतात आणि दोन-तीन वर्षांत बेट बसतं. आठवीचं गणित कच्चं ठेवून पीयूसीचं कॅल्क्युलस का जड जातं, ते समजावायला याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.


दांडेली_लाईन

जांबोटीकरांशी सहमत. 'बराच काळ काही दिसत नाही आणि मग एकदम वाढ' हाच मुद्दा हवा असेल तर बांबूऐवजी आपल्याच पानझडी जंगलातलं उदाहरण घ्या. साग, बिबळा यांची जंगलात आपसूक उगवलेली रोपं बघा. पावसाळ्यात वर येतात, उन्हाळ्यात शेंडा वाळतो किंवा वणव्यात जळतो. वरून बघितलं तर रोप मेलं. पण मूळ जिवंत असतं. पुढच्या पावसात परत फुटतं, परत वाळतं. असं काही वर्षं चालतं आणि दर वर्षी खालचं मूळ थोडं जाड होत जातं. मग एका पावसाळ्यात त्या मुळात एवढा साठा असतो की शेंडा एका दमात गवताच्या वर निघतो आणि पुढच्या उन्हाळ्याला टिकतो.

रोपवाटिकेत सागाचा स्टंप करतात तो याच गुणावर. वर्षभर वाढवलेलं रोप उपटायचं, अंगठ्याएवढ्या जाडीचं निवडायचं, वरचा शेंडा पूर्ण कापून मातीलगत दोन-तीन सेंटिमीटर ठेवायचा, खालचं सोटमूळ पंधरा-वीस सेंटिमीटर ठेवायचं, बाजूची मुळं छाटायची. हातात राहते ती एक वाळकी काटकी. पावसाच्या तोंडावर पहारीनं भोक पाडून ती बसवायची आणि माती घट्ट दाबायची. जिथं आत पोकळी राहते तिथं स्टंप हमखास मरतो, कारण मुळाला माती चिकटलेली नसते. नीट दाबलेला स्टंप पहिल्या पावसात फुटतो.

हे उदाहरण नापास होणाऱ्या मुलासाठी ठेवा. पन्नासात दोन-चार असतीलच आणि निरोपाच्या भाषणात त्यांच्याशी कुणी बोलत नाही. २०२४ मध्ये कर्नाटकात एसएसएलसीच्या (दहावीच्या) परीक्षा-१, परीक्षा-२, परीक्षा-३ अशा तीन संधी त्याच वर्षात मिळाल्या. यंदा किती संधी आहेत ते आधी बघून घ्या. तारखा आणि फॉर्मची मुदत शाळेनं फळ्यावर लिहून दाखवावी. शेंडा जळाला तरी मूळ राखलंय, हे नुसतं बोलून भागत नाही. पहिल्या निकालानंतर त्या मुलानं पुस्तकं रद्दीत घातली की मूळही गेलं. पुस्तकं-वह्या त्या वर्षीच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत घरात ठेवा, एवढं एक वाक्य स्पष्ट सांगा.

मुद्दा ३, वाऱ्याचा. हा खरा आहे, पण अर्धा. रोप वाऱ्यानं हलतं तेव्हा बुंध्याला ताण बसतो, तो तळाशी जाड होतो, उंची थोडी कमी राहते आणि मुळं जास्त घट्ट धरतात. उलट, रोपाला वरपर्यंत काठीला आवळून बांधलं की ते उंच जातं आणि काठी काढली की वाकतं. म्हणून काठी रोपाच्या बुंध्याला चिकटवून रोवायची नाही, वीतभर लांब, वारा येतो त्या बाजूला. बांधायचं उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा सैल वेढा घेऊन, सुतळीनं किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं. तार किंवा नायलॉन दोरी नको, बुंधा जाड होतो तशी ती सालीत रुतते आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. वर्षभरात काठी काढायची.

उरलेला अर्धा भाग असा की वारा झाडाला पाडतोही. जुलैत माती भिजून लोणी झालेली असते, मूळ अजून धरलेलं नसतं, अशा वेळी एकच झोत पुरतो. त्यामुळं 'संकटानं माणूस घडतो' असं सरसकट नका बोलू. हलण्याइतका वारा हवा आणि आधीपासून थोडी मुळं हवीत. कुणाच्या घरी वडील नाहीत, कुणाला रोज चार मैल चालावं लागतं. त्या मुलांना 'बरंच झालं, घडशील' म्हणणं चूक आहे. त्यांना वर्षभराची सैल बांधलेली काठी लागते : हॉस्टेल, शिष्यवृत्तीचा अर्ज, बसपास.


कलमवाला

मुद्दा ४ बद्दल. छाटलं की झाड फुटतं हे बरोबर, कारण शेंडा खालच्या डोळ्यांना (जिथून कोंब फुटतात त्या जागांना) दाबून ठेवतो आणि तो काढला की ते जागे होतात. पण कुठं छाटलं यावर सगळं आहे. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं दिसतं. त्या कड्याच्या अगदी बाहेरून कापायचं. कडं कापून खोडाशी सपाट केलं तर जखम मोठी होते आणि भरत नाही. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज खोडात उतरते. जड फांदी असेल तर तीन काप : आधी खोडापासून फूटभर लांब खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडं पुढं वरून कापून फांदी पाडायची, शेवटी उरलेला खुंट कड्याबाहेरून. पहिला खालचा काप दिला नाही तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. जखमेला बोर्डो पेस्ट : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही.

भाषणाला उपयोगी अशी यातली एक गोष्ट. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की कुजलेलं लाकूड पुन्हा कधी चांगलं होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. जखम आत कायम असते, झाड तिच्याभोवती वाढतं. दहावीच्या वयाच्या मुलांना 'विसरून जा' असं सगळेच सांगतात. त्यापेक्षा हे सांगितलं तर त्यांना जास्त पटेल.

आणि माध्यम बदलणाऱ्या मुलांबद्दल. तुमच्या भाषणाचा गाभा हाच असायला हवा, पण तुमच्या चारही मुद्द्यांत तो नाही. आंब्याच्या कलमात तयारी नावाची वेगळी पायरी असते, ती घ्या.

कोय कलमाला खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते, आठ-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असलेलं रोप घेतात. डोळकाडी, म्हणजे खुंटावर बांधायची काडी, मातृवृक्षावरची तीन-चार महिन्यांची. पण काडी त्या दिवशी कापून त्या दिवशी बांधत नाहीत. आठ-दहा दिवस आधी, काडी झाडावरच असताना, तिची पानं कापतात आणि देठ तेवढे ठेवतात. पानं गेली की काडीतलं अन्न डोळ्याकडं वळतं. देठ सुकून हात लावताच गळायला लागले आणि शेंड्याचा डोळा टपोरा फुगला पण फुटला नाही, की काडी तयार. तेव्हा तीन-चार सेंटिमीटरची पाचर करायची, खुंटात तेवढाच काप घ्यायचा, दोघांच्या साली निदान एका बाजूला तरी जुळवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. तयार नसलेली काडी बांधली तर ती तेवढ्या दिवसांत सुकते, कारण जोड जुळेपर्यंत तिला खालून काही मिळत नाही. जोड जुळेपर्यंत ती स्वतःच्या साठ्यावर जगते.

पीयूसीचे पहिले दोन-तीन महिने हुबेहूब तसेच असतात. वर्गातलं इंग्रजी अजून पोचत नसतं, तोवर मूल एप्रिल-मेमध्ये जमवलेल्या साठ्यावर तगतं. साठा जमला नसेल तर ते ऑगस्टपर्यंत सुकतं आणि मग आर्ट्सला बदली मागतं किंवा घरी बसतं. त्या मुलाच्या डोक्यात कमतरता नसते, त्याची काडी तयार केलेली नसते.


गणित_विज्ञान_निपाणी

कलमवाल्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. साठा म्हणजे नेमकं काय, ते लिहितो.

परीक्षा संपली की इंग्रजी माध्यमाचं दहावीचं विज्ञान आणि गणित ही दोन पुस्तकं मिळवा. जुनी चालतील. नववीचं घेऊ नका आणि पीयूसीचंही आत्ता नको. मुलाला जो धडा मराठीतून पाठ आहे तोच इंग्रजीत वाचायचा, म्हणजे अर्थ शोधावा लागत नाही, फक्त शब्द बसतात. रोज दहा शब्द वहीत, तीन रकाने : मराठी शब्द, इंग्रजी शब्द, इंग्रजीतलं एक वाक्य. त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस, लसावि म्हणजे एलसीएम. पंचेचाळीस दिवसांत साडेचारशे शब्द होतात. पीयूसीच्या पहिल्या दोन महिन्यांत मास्तर जे बोलतात ते समजायला एवढे पुष्कळ झाले. कॉमर्सवाल्यांना याऐवजी हिशोबाचे शब्द : नावे-जमा, भांडवल, घसारा, ताळेबंद. आकडे मोठ्यानं इंग्रजीत वाचायचा सराव वेगळा करावा लागतो. वर्गात 'थ्री-फोर्थ' किंवा 'स्क्वेअर रूट ऑफ' कानावर पडताच हात चालायला हवा, तिथं मुलं अडकतात.

यासाठी रोपवाटिकेतला दाखला हवा तर रोप 'काटक करणं' सांगा. सावलीतलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत पानं पांढरी पडतात. म्हणून लागणीच्या तीन आठवडे आधी सुरुवात करतात : पहिला आठवडा सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, दुसऱ्यात दुपारपर्यंत, तिसऱ्यात पूर्ण दिवस. पाणी रोजचं एक दिवसाआड करतात, नत्राचं खत थांबवतात. शेंडा थांबतो, पानं जाड होतात. या तीन आठवड्यांत रोपाची वाढ दिसत नाही. वही भरणाऱ्या मुलाचंही तसंच, पालकांना वाटतं मूल सुट्टीत वेळ घालवतंय. तसं नसतं.

आणखी एक. रोप लावताना पिशवी काढायची, मुळाभोवतीचा मातीचा गोळा मात्र फोडायचा नाही. गोळा फुटला की बारीक मुळं तुटतात आणि तीच पाणी पिणारी असतात. मराठी म्हणजे त्या मुलांच्या मुळाभोवतीची माती आहे. इंग्रजी कॉलेजात गेल्यावर मराठीतून विचार करायची लाज वाटायला लागते आणि मुलं अर्थ न लावता घोकायला लागतात. पहिले सहा महिने समजून घ्यायचं मराठीत, लिहायचं इंग्रजीत, असं ठणकावून सांगा. बेळगावात कन्नडही बोलावं लागतं, बसमध्ये, ऑफिसात. तेही रोजच्या कामापुरतं शिकून घ्या म्हणावं, त्यानं कुणाचं काही कमी होत नाही.


काळी_माती_अथणी

चर्चा चांगली चाललीय, पण सगळे जांभ्याच्या बाजूनंच बोलायलेत. आमच्या अथणी-रायबागकडं पाऊस तुमच्या कणकुंबीच्या पाचव्या हिश्शाएवढा पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. तिथला उपाय इथं चालत नाही बघा. तांबड्या मातीत तीन फुटी खड्डा घेतला की पाणी निचरून जातं. काळ्या रानात तसाच गुळगुळीत कडांचा खड्डा घेतला तर पावसाळ्यात त्याची विहीर होते आणि मूळ कुजतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून मूळ तोडते. इथं खड्डा दोन फुटी, कडा कुदळीनं खरबरीत करायच्या, भरताना मुरूम मिसळायचा आणि मधे उंचवटा ठेवून त्यावर रोप लावायचं.

पाण्याचा दाखला कुणी दिला नाही, तो मीच देतो आणि वापरू नका म्हणून पण सांगतो. झाडाला रोज तांब्याभर पाणी घातलं की मूळ वरच राहतं. आठवड्यातनं एकदा-दोनदा भरपूर, दहा-पंधरा लिटर घातलं की मूळ खाली जातं. हे झाडाला खरं आहे. पण अभ्यासाला उलटं लागतं. रोज थोडं आणि परत परत केलेलं जास्त टिकतं, रविवारी एकदम आठ तास बसलेलं टिकत नाही. मुलांनी हा दाखला ऐकला तर नेमका चुकीचा अर्थ घेतील. दाखला जिथं जुळत नाही तिथं सोडून द्यायचा, ओढून आणायचा नाही.

बियांचं मात्र सांगा, ते जुळतं. फणसाची आठळी ताजी असताना पेरावी लागते, वाळली की गेली. सागाची बी तशी पेरली तर महिना-महिना उगवत नाही. तिला रात्रभर पाण्यात आणि दिवसभर कडक उन्हात, असं दहा-चौदा दिवस करावं लागतं, तेव्हा कवच सैल होतं. तरी सगळ्या एकदम उगवत नाहीत. म्हणून रोपवाटिकावाला वाफा लगेच मोडत नाही. एका वर्गात दोन्ही प्रकारची पोरं असत्यात.


चंदन_लागण

थोडक्यात एक भर. सोबतीचा मुद्दा हवा असेल तर चंदन. चंदनाचं मूळ शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटून पाणी आणि क्षार घेतं, एकट्यानं ते नीट वाढत नाही. म्हणून पिशवीतच शेजारी तूर लावतात आणि रानात सुरू किंवा कडुनिंबासारखं टिकाऊ सोबती झाड देतात. तूर चंदनावर सावली धरायला लागली की तिचा शेंडा खुडायचा, उपटायची नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांना अभ्यासाची जोडी निवडताना हे सांगता येईल.


दांडेली_लाईन

चंदनवाल्यांना एक शंका. चंदन सोबत्याकडून घेतं, परत देत नाही. मुलांना जोडीदाराकडून नुसतं घ्यायला शिकवायचंय का? मी असतो तर हा दाखला वगळला असता. ज्याला गणित येतं त्यानं ज्याला इंग्रजी येतं त्याच्याबरोबर बसावं, हे झाडाशिवायही सांगता येतं.


चंदन_लागण

मान्य. घ्यायचंच झालं तर ही बाजूसुद्धा मुलांना सांगूनच घ्यावं.


रोपवाटिका_जांबोटी

ताई, रोपं वाटण्याचं राहिलं होतं. फेब्रुवारीत रोप हातात देऊ नका. पुढं साडेतीन महिने भरवशाचा पाऊस नाही, मुलं परीक्षेत, विहिरी तळाला. पन्नासातली चाळीस मेअखेर वाळतील आणि मुलाला वाटेल आपल्याच हातून मेलं. निरोपाला कागदाची चिठ्ठी द्या, रोप जूनमध्ये. मधलं काम मुलांकडून करून घ्या.

परीक्षा संपली की एप्रिलमध्ये प्रत्येकानं घराजवळ खड्डा खणावा. जांभूळ, आवळा, करंज यांना दोन फुटी चौरस आणि तेवढाच खोल. आंबा-फणसाला तीन फुटी. वरची एक फूट माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा महिनाभर उन्हात उघडा, त्यानं मातीतली कीड आणि बुरशी मरते. मेअखेर भरताना वरची माती तळाला, त्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पावशेर ते अर्धा किलो निंबोळी पेंड, आपल्याकडं वाळवी फार. कच्चं शेण घालू नका, ते उष्णता धरतं आणि वाळवीलाही बोलावतं. भरलेली माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, पावसात ती बसते. मग मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागण. कणकुंबीच्या बाजूला जुलैचा मारा फार असतो, तिथं एक तर जूनच्या सुरुवातीला किंवा सरळ ऑगस्टअखेर.

समारंभात दाखवायला मात्र दोन रोपं आणा, एकाच वयाची, एकाच जातीची. एक वर्षभर छोट्या पिशवीत अडकून पडलेलं, दुसरं वेळेवर मोठ्या पिशवीत घातलेलं. ब्लेडनं दोन्ही पिशव्या उभ्या चिरा, बादलीत हळूहळू हलवून माती धुवा आणि पहिल्या बाकावरून मागं फिरवा. अडकलेल्या रोपाचं मूळ पिशवीच्या तळाशी जाऊन वळतं आणि स्वतःभोवतीच वेटोळं घालतं. हे वेटोळं जमिनीत गेल्यावरही सुटत नाही, बुंधा जाड होईल तसं ते त्यालाच आवळतं, आणि पाच-सात वर्षांनी चांगलं दिसणारं झाड वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. अशा अडकलेल्या रोपाचा मात्र लागणीच्या वेळी, गोळा न फोडता, पिशवीचा तळ दोन बोटं कापून टाकला आणि गोळ्याच्या बाजूला दोन-तीन उभे चर दिले तर मूळ नव्यानं सरळ फुटतं. मुळं थोडी तुटतात, रोप पंधरा दिवस मान टाकतं, मग उचलतं.

याचा अर्थ काय तो सांगायला फार शब्द नका घालवू. दोन्ही मुळं हातात घेतली की मुलांना दिसेल.


शाळेची_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला आणि दुसरा मुद्दा काढला. आता क्रम असा धरलाय : बादलीत धुतलेली दोन रोपं, मग बांबूची गेल्या वर्षीची काठी आणि यंदाचा कोंब, मग डोळकाडी आणि साडेचारशे शब्दांची वही, शेवटी स्टंप आणि पुढच्या परीक्षांच्या तारखा. चंदन आणि पाणी वगळते. सागाचा स्टंप फेब्रुवारीत कुठं मिळेल, की वाळलेला दाखवला तरी चालेल?


दांडेली_लाईन

फेब्रुवारीत ताजा उपटायची गरज नाही. वनखात्याच्या रोपवाटिकेत स्टंप उन्हाळ्याच्या शेवटाला करतात, त्यामुळं आत्ता तयार नसेल. एक वर्षाचं सागाचं रोप मागा आणि मुलांसमोरच कापा. धारदार कात्री लागेल, बोथट कात्रीनं साल चिरडते. कापल्यावर मूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सावलीत ठेवलं आणि गोणपाट ओलं राखलं तर बरेच दिवस जिवंत राहतं. समारंभानंतर ते शाळेच्या नळाजवळ लावा, तिथं पाणी असल्यामुळं पावसाची वाट बघावी लागणार नाही. फुटल्यावर दोन-तीन कोंब येतील, त्यातला सर्वात जोमदार एक ठेवून बाकीचे वीतभर झाले की खुडा.